जगबुडीचा सिनेमा, वडगावातल्या एका घरात

जगाचा शेवट दाखवायला पैसा लागतो, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची लघुपट करणारी हुशार मुलंही या विषयाच्या वाटेला जात नाहीत. कोसळणारे पूल, लाटेखाली जाणारी शहरं, पळणारी गर्दी हे सगळं खर्चिक आहेच. पण सामान्य माणसांच्या जगबुडीचे जे सिनेमे वर्षानुवर्षं मनात राहतात, त्यांत हे फारसं नसतंच. तिथे एक घर असतं, चार-पाच माणसं असतात आणि त्या घरातली एकेक गोष्ट ठरावीक क्रमाने बंद पडत जाते. हा क्रम चोख लिहिला की पटकथेचा कणा तयार झाला. तो चुकला तर नट कितीही चांगले घ्या, बघणाऱ्याचा विश्वास उडतो, आणि का उडाला हे त्यालाही सांगता येत नाही.

१९८४ साली बीबीसीने दाखवलेला ‘थ्रेड्स’ अणुयुद्धाचा सिनेमा आहे, पण गोष्ट शेफील्डमधल्या दोन घरांची आहे. मुलाला आणि मुलीला लग्न करायचंय, नवं घर लावायचंय, आणि मागे कुठेतरी टीव्ही-रेडिओवर बातम्या चालू आहेत. बॉम्ब पडेपर्यंत बराच वेळ जातो, आणि तो गेला म्हणूनच पुढचं अंगावर येतं. १९८३ च्या ‘टेस्टामेंट’मध्ये तर स्फोट म्हणजे खिडकीतून आलेला लख्ख उजेड, बस. पडलेली एक भिंतही दिसत नाही. २०११ चा, हंगेरियन दिग्दर्शक बेला टारचा ‘द टुरिन हॉर्स’ याहून काटकसरी: बाप, मुलगी, घोडा, सहा दिवस, रोज उकडलेला बटाटा. घोडा खायचा थांबतो, विहीर आटते, दिव्यात तेल असून दिवा पेटत नाही. कारण कुणी सांगत नाही, तरी काय चाललंय ते कळतं, कारण क्रम पक्का आहे.

आता हाच क्रम आपल्या मुलखात कसा लागेल ते बघू. घर बेळगावच्या वडगावातलं घेऊ, कारण तिथे माग आहेत. वडगाव, शहापूर, खासबागच्या गल्ल्यांत यंत्रमागाची खटखट दिवसभर चालू असते. तिथल्या माणसाला करंट गेल्याचं कळायला बल्बकडे बघावं लागत नाही. आवाज बंद पडतो, तेवढं पुरतं. जगबुडीच्या पहिल्या दृश्याला याहून स्वस्त आणि याहून खरं काही मिळणार नाही.

कारण आधी ठरवा

काय घडलं हे पात्रांना कळलं नाही तरी चालेल, पण लिहिणाऱ्याला ते बारीकसारीक माहीत हवं. कारण बदललं की बंद पडणाऱ्या गोष्टींची यादीच बदलते.

सौरवादळ घेतलंत तर ते लांब तारांमध्ये प्रवाह निर्माण करतं. शेकडो किलोमीटरच्या वीजवाहिन्या आणि त्यांना जोडलेले मोठे ट्रान्सफॉर्मर यांना धोका असतो. हातातला मोबाईल जळत नाही, मोटरसायकल बंद पडत नाही, मनगटावरचं घड्याळ थांबत नाही. लघुपटांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच: सूर्याकडून वादळ येतं आणि रस्त्यात गाड्या थबकतात. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्विबेकची सगळी वीजयंत्रणा सौरवादळाने दीड-एक मिनिटात कोसळली, साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात होते, पण गाड्या चालूच होत्या. १८५९ च्या सप्टेंबरातलं वादळ त्याहून फार मोठं. तेव्हा जगभर तारायंत्रं बिघडली आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकमापकाने त्याची नोंद केली. ती नोंद आजही अभ्यासली जाते. पटकथेत एखादा निवृत्त विज्ञान शिक्षक हवा असेल तर त्याच्या तोंडी घालायला ही माहिती चांगली आहे, आणि ती मराठी माणसाच्या अंगणातली आहे.

अणुस्फोट आकाशात उंचावर झाला तर मात्र छोटी उपकरणंही जाऊ शकतात. दोन्ही कारणांची सरमिसळ करू नका.

गोष्ट कोणत्या वर्षी घडते हेही बघा. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, कोसळली. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून जास्त लोकांना फटका बसला. कर्नाटकात दिवे चालू होते, कारण दक्षिणेची ग्रिड तेव्हा उर्वरित देशाशी एका तालात जोडलेलीच नव्हती. रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली आणि सारा देश एका ग्रिडवर आला. म्हणजे गोष्ट २०१० सालातली असेल तर दिल्ली अंधारात आणि बेळगाव उजेडात, हे दाखवता येतं. आजच्या गोष्टीत सगळं एका दमात जाऊ शकतं.

उल्का हवी असेल तर चेल्याबिन्स्क डोळ्यांसमोर ठेवा. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात सुमारे वीस मीटरची उल्का हवेतच फुटली. लोकांना आधी उजेड दिसला. काय होतं ते बघायला लोक खिडकीशी गेले आणि मिनिट-दोन मिनिटांनी धक्क्याची लाट येऊन काचा फुटल्या. जखमी झालेले सुमारे दीड हजार लोक बहुतेक काचांनी जखमी झाले. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. खानापूरवर, पंचवीस किलोमीटरवर काही फुटलं तर वडगावात आवाज यायला सव्वा मिनिट लागेल. सव्वा मिनिट कॅमेरा एका बाईवर ठेवा: ती गॅलरीत येते, आकाशाकडे बघते, शेजारणीला हाक मारते. उजेड आणि आवाज एकाच क्षणी दाखवून हे सव्वा मिनिट फुकट घालवू नका.

आकाशातून काहीतरी हळूहळू जवळ येतंय अशी गोष्ट असेल तर ‘मेलँकोलिया’ या सिनेमातली तारेची कडी आठवा: लहान मुलाने काठीला तार वाकवून केलेली. तीतून ग्रह बघायचा आणि थोड्या वेळाने परत बघायचं, कडीबाहेर आला की तो मोठा झाला. आपल्याकडे बांगडी चालेल, पण माप सांभाळा. हात लांब करून धरलेल्या साधारण साडेपाच मिलिमीटरच्या कडीत पौर्णिमेचा चंद्र मावतो. सहा सेंटिमीटरच्या बांगडीत शेजारी शेजारी अकरा चंद्र बसतील. बांगडी भरली म्हणजे प्रकरण फार पुढे गेलेलं आहे.

घराचा हिशोब

मी सौरवादळ धरून चालतो, कारण त्यात पडद्यावर दाखवायला काहीच लागत नाही. घरात पाच माणसं: आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. करंट सकाळी अकराला गेला.

इन्व्हर्टरची बॅटरी १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची. कागदावर १८०० वॅट-तास, पण वापरता येतात बाराशे-तेराशे. नऊ वॅटचे चार एलईडी आणि एक पंखा लावला तर सुमारे अकरा तास. टीव्ही जोडला तर सात. पहिल्या दिवशी बातमी कळावी म्हणून टीव्ही लावणारच, तेव्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास सगळं बंद. बॅटरी चार वर्षांची जुनी असेल तर त्याच्या निम्म्यात. इथे पहिलं भांडण लिहिता येतं: मुलाला बातम्या हव्यात, सुनेला नातवंडांसाठी रात्रीचा पंखा हवाय.

मोबाईलचा टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग डिझेल संपेपर्यंत जनरेटरवर. म्हणून फोन एकदम मरत नाहीत. आधी नेट रांगायला लागतं, मग मेसेज अर्ध्या तासाने पोचतात, मग एखाद्याच गच्चीवर एक कांडी मिळते. सगळ्या गल्लीने त्या गच्चीवर जमणं हे दृश्य लिहिण्यासारखं आहे. फोनवरून पैसे देणं याच्याही आधी बंद पडतं आणि किराणा दुकानदार उधारीची वही काढतो. कुणाचं नाव त्या वहीत लिहून घेतो आणि कुणाचं नाही, यावर वेगळा पंधरा मिनिटांचा लघुपट होईल.

खरी गोष्ट पाण्याची आहे, आणि तिथे थांबायला हवं. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकल या धरणांतून येतं. शहर उंचावर आहे, हिडकलचं पाणी पंपांनी चढवूनच आणावं लागतं. करंट नाही म्हणजे नळ नाही. पण आपल्या बहुतेक गल्ल्यांत पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे नळ कोरडा पडला म्हणून दोन दिवस कुणी दचकणारसुद्धा नाही. परदेशी सिनेमात नळ सुटला नाही की लगेच घबराट होते. इथे ते चालणार नाही. इथे घबराट पाणी सोडायची पाळी चुकल्यावर सुरू होते.

गच्चीवरची टाकी हजार लिटरची. शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटरचं प्रमाण धरतात. त्या हिशोबाने पाच माणसांना टाकी दीड दिवस पुरते. माणशी वीस लिटरवर आणलं तर दहा दिवस. मधला सगळा सिनेमा दीड दिवसापासून दहा दिवसांपर्यंत जाण्याचा आहे. फ्लश एका वेळी सहा ते दहा लिटर ओततो, तो पहिल्यांदा बंद. मग अंघोळ तांब्यावर. मग भांडी राखेने घासणं. भाजी धुतलेलं पाणी झाडाला न जाता संडासात. हे निर्णय बोलून दाखवायची गरज नाही. सून फ्लशच्या टाकीचं झाकण काढून आत वीट ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सुतळीने तो खटकाच बांधून टाकते, एवढं पुरे. आजीचं वाक्य मात्र हवं: “करंट जाऊदे गं, टाकीत पाणी किती हाय ते बघ आधी.”

बेळगावच्या जुन्या घरांना आणि गल्ल्यांना विहिरी आहेत. विहीर दिसली की पाण्याचा प्रश्न सुटला असं पटकथाकाराला वाटतं. पण विहिरीवर मोटर बसली तेव्हाच रहाट काढला गेला. कप्पी गंजलेली किंवा भंगारात गेलेली, दोर कुणाकडे नाही. पाणी वीस फुटांवर दिसतंय आणि काढता येत नाही, हा प्रसंग किमान पाच मिनिटांचा आहे. साडीचा दोर करायचा मोह आवरा. भिजलेली साडी जड होते आणि विहिरीच्या काठावर घासून फाटते. खरी माणसं गुरांचे कासरे जोडतात, मंडपवाल्याचा नायलॉनचा दोर आणतात. कप्पी नसेल तर दोर हाताला कापतो, म्हणून तिसऱ्या दिवशी पात्रांच्या तळहातांना चिंध्या हव्यात. मेकअप करणाऱ्याला हे आधी सांगा. बोअरवेलचं पाणी मात्र विसरा. सबमर्सिबल पंप दोनशे फूट खाली बसलेला असतो, तिथे पोहरा पोचत नाही.

खाण्याचं गणित याहून गमतीदार आहे. घरात शाळूचं पोतं आहे आणि तरी पाचव्या दिवशी भाकरी नाही, कारण गिरणी बंद. डब्यातलं पीठ चार-पाच दिवस पुरतं. मग माळ्यावरचं जातं खाली येतं. इथेही लिहिणारे फसतात: जातं आणलं, आजीने ओवी म्हटली, पीठ पडलं. तीस वर्षं न वापरलेल्या जात्याचे दात झिजलेले असतात. पाथरवटाकडून छिन्नीने टाकी लावून घेतल्याशिवाय ते दाणा नुसता रगडतं, पीठ पडत नाही, कण्या पडतात. मग कण्याच शिजवायच्या. ताटात भाकरीच्या जागी कण्या आल्या की किती दिवस झाले ते प्रेक्षक मनात मोजतो, पडद्यावर ‘दिवस सहावा’ लिहावं लागत नाही.

गॅसची १४.२ किलोची टाकी अशा घरात महिना-सव्वा महिना जाते, म्हणून चौथ्या दिवशी चूल पेटवू नका. चूल पेटते तेव्हा ती परड्यात पेटते, ओट्यावर नाही. शेणी आणि पाचट यांचा धूर आजच्या बंद स्वयंपाकघरात माणसाला दहा मिनिटं बसू देत नाही. आजीच्या इन्सुलिनबद्दलही तसंच. फ्रिज बंद पडला म्हणून ते त्या रात्री वाया जात नाही. वापरात असलेली कुपी थंड जागी सुमारे चार आठवडे टिकते. ओल्या वाळूत ठेवलेलं मडकं त्यासाठी दाखवा. धोका खराब होण्याचा कमी आणि संपण्याचा जास्त, आणि औषध दुकानातला साठा भरून येत नाही, ही बातमी घरात कोण कुणापासून लपवतं ते लिहा.

मोटरसायकलच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल असेल तर साडेचारशे-पाचशे किलोमीटर होतात. बेळगाव ते कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर. म्हणजे भरलेल्या टाकीत दोन वेळा जाऊन येता येतं. दुसऱ्याच दिवशी सगळे पायी निघालेले दाखवलेत तर गावाकडचा प्रेक्षक लगेच विचारणार: गाडीत पेट्रोल नव्हतं काय? म्हणून पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी टाकीचं झाकण उघडून, गाडी हलवून, आत कान लावून बघायला हवं.

सीमेचं काय करायचं

आपल्या भागात ही गोष्ट आपोआप येते. लेक कोल्हापूरला, कागलला किंवा चंदगडला दिलेली असते. भाऊ इकडे. २०२०-२१ मध्ये कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर अडवणूक झाली तेव्हा रोजच्या येण्याजाण्यातली रेघ लोकांना पहिल्यांदा एवढी जाड दिसली. जगबुडीत लेकीकडे जायचंय, हे सामान्य माणसाचं खरं ध्येय. जग वाचवायचं ध्येय त्याला नसतं. पायी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर धरलं तर कोल्हापूर चार दिवस. वाटेत संकेश्वरला हिरण्यकेशी, निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा, पुढे कागलच्या अलीकडे दूधगंगा. जुलै-ऑगस्ट असेल तर यमगर्णीचा महामार्गच पाण्याखाली जाऊ शकतो, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत तसं झालंही. महिना निवडताना हे बघा: मार्चमध्ये चार दिवसांची चाल, जुलैमध्ये न संपणारी.

भाषेचं काम फार जपून करा. महापालिकेच्या गाडीवरून कन्नडमध्ये घोषणा होते. आजी विचारते, “काय म्हणालाय तो?” शाळेत कन्नड शिकणारा नातू अर्धं ऐकून अर्धं सांगतो. घरातलं सगळ्यांत लहान माणूस सगळ्यांत महत्त्वाची बातमी आणतं आणि ती अर्धवट असते. ही ताकद सीमाभागातल्या गोष्टीला फुकट मिळालेली आहे. घोषणा कन्नड मातृभाषेच्या माणसाकडूनच म्हणून घ्या आणि तिच्याखाली मराठी अक्षरं देऊ नका. प्रेक्षकाला नातवावर अवलंबून राहू द्या. शेजारच्या घरातली कन्नड बोलणारी बाई आणि ही आजी एकमेकींच्या भाषेत मोडकंतोडकं बोलत दोर ओढतील, तेही आपल्या गल्ल्यांत रोज घडतं तसंच घ्या.

आवाज

या प्रकारच्या सिनेमात अर्ध्याहून जास्त काम आवाज करतो. चित्रीकरणाआधी गल्लीतले आवाज लिहून काढा: माग, गिरणीचा पट्टा, मिक्सर, टीव्हीवरची मालिका, देवळातली घंटा, अजान, रेल्वेची शिट्टी, बसचा हॉर्न, कॅम्पच्या बाजूने ऐकू येणारं लष्करी बिगुल. प्रत्येक आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा, किमान दोन मिनिटं. मग संकलनात एकेक काढत जा आणि कोणता कधी गेला याचा तक्ता ठेवा. घंटा आणि मोकळ्या आवाजातली अजान राहतात, त्यांना करंट लागत नाही. लाऊडस्पीकर गेल्यावर ती लांबून आणि बारीक ऐकू येतात, म्हणून तिसऱ्या दिवशीचं मुद्रण दूरवरून करा, आवाज नुसता कमी करून तसा परिणाम येत नाही.

फ्रिज बंद करा. घरात शूट केलेल्या निम्म्या लघुपटांत करंट गेलेल्या दृश्यामागे फ्रिजची घरघर ऐकू येते. मोटरसायकलची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली की निघताना तो परत चालू करायची आठवण राहते. प्रत्येक खोलीची नुसती शांतता एक मिनिट मुद्रित करून घ्या, सगळ्यांना जागच्या जागी उभं करून. संकलनात वाक्यांमधल्या फटी तिनेच बुजवायच्या असतात, आणि ती नसेल तर प्रत्येक कापाला कानाला ठेच लागते.

रेडिओबद्दल एक बारीक गोष्ट. सेलवर चालणारा जुना मीडियम वेव्हचा रेडिओ घ्या, धारवाड केंद्र ७६५ किलोहर्ट्झवर. एरवी घरात त्यावर खरखर येते, ती बरीचशी चार्जर आणि एलईडीच्या सर्किटांची असते. गावाचा करंट गेला की ती जाते आणि रात्री लांबची केंद्रंही लागायला लागतात. सगळं बंद पडत असताना एकच गोष्ट पूर्वीपेक्षा चांगली चालते. ही भौतिकशास्त्राची देणगी आहे, पटकथेत वापरलीच पाहिजे. मोबाईलवरचा धोक्याचा इशाराही वापरता येतो, २०२३ मध्ये सरकारने त्याची चाचणी घेतली तेव्हापासून तो कर्कश आवाज लोकांच्या ओळखीचा आहे. पण तोच आवाज जसाच्या तसा वापरू नका, सभागृहात खरी धावपळ होईल. वेगळा सूर तयार करा.

अंधार

मोबाईलने शूट करणार असाल तर सेकंदाला २५ फ्रेम्स आणि १/५० शटर पक्कं करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. २४ फ्रेम्सवर ट्यूबच्या उजेडात पट्टे सरकताना दिसतात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करा, नाहीतर कंदील हलला की सगळी भिंत उजळते-मावळते. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर ठेवला की ज्योत नारिंगी राहते.

एका कंदिलाचा उजेड मोबाईलला पुरत नाही. चित्रात वाळूसारखे दाणे येतात. कंदिलाच्या मागे, कॅमेऱ्याला न दिसेल असा, पिवळट एलईडी बल्ब लावा, त्यावर नारिंगी जिलेटिन कागद, आणि उजेड थेट चेहऱ्यावर न टाकता पिवळ्या कार्डशीटवरून परतवा. स्वस्त डिमर वापरू नका, त्याने एलईडी फडफडतो. कमी-जास्त करायचं तर कागदाचे थर वाढवा. बाहेरची दृश्यं तिन्हीसांजेला, सूर्य बुडाल्यानंतरच्या वीस मिनिटांत घ्या. पूर्ण रात्री रस्त्यावर खांबाचे दिवे चालू असतात आणि लांबवरच्या एका खिडकीतला निळा टीव्ही सगळं खोटं पाडतो. खऱ्या ज्योतीशेजारी वाळूची बादली आणि ओलं पोतं ठेवायचं, पडदे काढून ठेवायचे.

पूर घ्यायचा असेल तर

चिकोडी-निपाणीकडच्या मंडळींना करंटपेक्षा पाणीच जवळचं. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज हे पूल पाण्याखाली गेल्याच्या बातम्या ते लहानपणापासून ऐकतात. तिथली पहिली चूक म्हणजे भिंतीसारखी येणारी लाट. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेचा पूर तासांनी आणि इंचांनी चढतो. माणसं काठी रोवून, घाटाच्या पायऱ्या मोजून बघत राहतात. राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक आलं याची चर्चा पारावर होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. भिंतीवर चुन्याची रेघ, दोन तासांनी दुसरी. ती रेघ हेच तुमचं घड्याळ.

दुसरी चूक: माणसं लगेच बोटीत बसतात. बसत नाहीत, कारण बोटीत म्हशीला जागा नसते. काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात, माणसांची सोय आहे, दावणीला दोन दुभत्या म्हशी आहेत, आणि पाणी गोठ्यात आलंय. सामान्य माणसाची जगबुडी या निर्णयात आहे. दावं सोडायचं की कापायचं, आणि सोडल्यावर जनावर परत गोठ्याकडेच वळतं, तेव्हा काय करायचं?

खऱ्या पुरात शूटिंग करायचं नाही, गुडघाभर पाण्यातही नाही. परड्यात वीस बाय पंधरा फुटांची ताडपत्री अंथरा, कडेने विटांचे तीन थर, आत सहा इंच पाणी. सुमारे ४२०० लिटर लागतं. त्याचं वजन चार टनांच्या वर होतं, म्हणून हे गच्चीवर कदापि करू नका. लाल माती मिसळली तर ती काही मिनिटांत तळाला बसते आणि पाणी निवळतं. शाडू मिसळा, तो बराच वेळ तरंगत राहतो. सहा इंच पाणी मांडीभर वाटावं म्हणून नटांनी गुडघ्यांवर चालायचं, खाटेचे पाय काढून ठेवायचे आणि कॅमेरा पाण्याच्या पातळीला लागून ठेवायचा. पाण्याजवळचे सगळे दिवे बॅटरीवर, एकही वायर मेनची नाही.

पावसासाठी शेतातला रेन पाइप आणा, भाजीपाला करणाऱ्या कुणाकडेही असतो. पत्र्याच्या कडेला उलटा बांधला की बारीक धारा खाली पडतात. एका टोकाने पाणी सोडलं तर दुसऱ्या टोकाला दाब पुरत नाही आणि पाऊस अर्ध्याच दारात पडतो. मधून जोडणी द्या. कॅमेऱ्याला पाऊस दिसायला दिवा पावसाच्या मागे, नटाच्या पाठीशी हवा. समोरून उजेड टाकला तर नट भिजलेला दिसतो आणि पाऊस दिसतच नाही. हजार लिटरमध्ये साधारण वीस मिनिटांचा पाऊस मिळतो, म्हणून तालीम कोरडीच करून घ्या, आणि खालची ताडपत्री तेच पाणी परत टाकीत ओढायला वापरा.

कच्चं संकलन झालं की ते सिनेमावाल्या मित्रांआधी घर चालवणाऱ्या दोन-तीन बायकांना दाखवा, एक पन्नाशीच्या पुढची असू द्या. बघताना हातात कागद द्या आणि एवढंच विचारा: कुठल्या दिवशी घरात काय संपलं? पाण्यात, पिठात, गॅसमध्ये जिथे त्यांचं उत्तर तुमच्या तक्त्याशी जुळत नाही, ते दृश्य पुन्हा घ्या.